दोन बॅटमॅन : एका मुखवट्याचा छोटा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात आणि आता बॅटमॅन?" मी म्हटलं, या आणि ऐका. ते आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यामुळे मला आज जरा जपूनच बोलायला हवं.

प्रश्न तसा जुनाच आहे. समाज वीर कोणाला म्हणतो, आणि काळ बदलला की त्या शब्दाचा अर्थ कसा बदलतो? हे तपासायचं तर पात्र एकच हवं, माध्यम एकच हवं आणि काळ मात्र दोन हवेत. असं उदाहरण इतिहासात सहज सापडत नाही. बॅटमॅनच्या बाबतीत ते आयतं मिळतं. १९६६ साली अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर आलेली मालिका हे एक रूप. १९९२ साली फॉक्सवर आलेली 'बॅटमॅन : दि अ‍ॅनिमेटेड सीरिज' ही कार्टून मालिका हे दुसरं. दोन्ही एकाच कॉमिकवरून केलेल्या. मधे सव्वीस वर्षं.

आधी मूळ पात्राकडे पाहू. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात, मे १९३९ मध्ये. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे दोन निर्माते. त्यातल्या फिंगरचं नाव अधिकृत श्रेयात यायला २०१५ साल उजाडलं, हे जाता जाता सांगतो. हा पहिला बॅटमॅन काही सज्जन नव्हता. पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडतो, आणि त्याबद्दल त्याला जराही वाईट वाटत नाही. डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झालेला मुलगा, ही त्याची पूर्वकथा काही महिन्यांनी आली. म्हणजे आधी सूड आला आणि सुडाचं कारण नंतर आलं.

मग १९५४ साल आलं. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं की कॉमिक्समुळे मुलं बिघडतात. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिचा मथितार्थ असा : गुन्हेगार जिंकता कामा नये, आणि पोलीस-न्यायाधीशांचा अनादर होईल असं काही दाखवू नये. रात्रीचा सूडकरी अशा रीतीने सभ्य नागरिक झाला. दूरचित्रवाणीच्या हाती पडला तो हा बॅटमॅन.

आता १९६६ची मालिका. १२ जानेवारीला ती सुरू झाली. निर्माता विल्यम डोझियर. निवेदकाचा तो गंभीर आवाजही त्याचाच. आठवड्यातून दोन रात्री अर्धा-अर्धा तास. पहिल्या रात्री नायक मरणाच्या दारात, दुसऱ्या रात्री सुटका. आपल्याकडचे कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आलं की थांबतात ना, तसंच. बॅटमॅन झाला अ‍ॅडम वेस्ट आणि रॉबिन झाला बर्ट वॉर्ड. रंग भडक, खलनायकांच्या अड्ड्यात कॅमेरा तिरका, आणि मारामारीत ठोशांचे आवाज पडद्यावर अक्षरांत उमटायचे. जोकरचं काम करणाऱ्या सीझर रोमेरोने मिशी काढायला नकार दिला, तर तिच्यावरच पांढरा रंग फासला. नीट बघितलं तर मिशी दिसते. म्हणजे सोंग लपवायचा प्रयत्नच नाही!

या सगळ्या गमतीच्या मधोमध उभा असलेला नायक मात्र कमालीचा सरळ आहे. तो कायद्याने नेमलेला पोलिसांचा मदतनीस आहे. आयुक्त लाल फोन उचलतात आणि हा हजर होतो. रॉबिनला सीटबेल्ट लावायला सांगतो. पहिल्याच भागात रिडलर त्याला बेकायदा अटकेबद्दल दहा लाख डॉलरच्या दाव्यात अडकवतो. बॅटमॅनची अडचण काय, तर कोर्टात खरं नाव सांगावं लागेल. विचार करा, महावीराला धाक आहे तो समन्सचा.

त्याच वर्षी याच मंडळींनी चित्रपटही काढला. त्यात वात पेटलेला बाँब घेऊन बॅटमॅन धक्क्यावर धावतो. टाकायला जावं तिथे कोणी ना कोणी : जोगिणी, बाबागाडी घेतलेली बाई, होडीतलं प्रेमी जोडपं. शेवटी पाण्यात टाकावा तर तिथे बदकं! हा माणूस बदकांवरही बाँब टाकत नाही. थिएटर हसतं. पण मित्रहो, कशाला हसतं? निरपराध जिवाला इजा करायची नाही, हे तत्त्व तो अपवाद न करता पाळतो, त्याला हसतं. कांटच्या कर्तव्याचं याहून चोख उदाहरण मला वर्गात कधी देता आलं नाही.

सूझन सॉन्टॅगने १९६४ मध्ये 'कॅम्प' या अभिरुचीवर प्रसिद्ध निबंध लिहिला होता. अतिरेकाची, कृत्रिमतेची मजा घेणारी ती वृत्ती. या मालिकेला तो शब्द चिकटला, आणि तो योग्यच होता. मोठ्यांना त्यात विडंबन दिसायचं आणि मुलांना साहस. एकाच पडद्यावर दोन मालिका चालल्या होत्या म्हणा ना. मोठ्यांचं हसू लवकर ओसरलं. १४ मार्च १९६८ला, एकशेवीस भागांनंतर, मालिका संपली.

पुढची वर्षं तुम्हाला माहीत आहेत. व्हिएतनाम झालं, वॉटरगेट झालं. १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला. आयुक्तांच्या लाल फोनवर विश्वास ठेवणं आता सोपं राहिलं नाही. कॉमिक्सने बॅटमॅनला पुन्हा अंधारात नेलं. १९८६ मध्ये फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' आलं, १९८९ मध्ये टिम बर्टनचा चित्रपट. आणि सप्टेंबर १९९२ मध्ये ब्रूस टिम आणि एरिक राडोम्स्की यांची कार्टून मालिका सुरू झाली. राडोम्स्कीने पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवायची पद्धत घातली. सगळेजण पांढऱ्या कागदावर सावल्या काढतात. इथे काळोखातून उजेड काढायचा होता. मला वाटतं, मालिकेचं सगळं तत्त्वज्ञान त्या कागदात आहे.

केव्हिन कॉनरॉयने बॅटमॅनला आवाज दिला. तोही दोन : ब्रूस वेनचा मोकळा आणि बॅटमॅनचा खालच्या पट्टीतला. ऐकताना कळतं की मुखवटा चढतो तो ब्रूसचा. बॅटमॅनचा आवाज हाच त्याचा खरा आवाज आहे.

दोन नायकांतला फरक पाहायचा असेल तर खलनायक तोच ठेवून पाहावं. मिस्टर फ्रीझ घ्या. १९६६च्या मालिकेत बॅटमॅनशी झालेल्या झटापटीत गोठवणारं रसायन त्याच्या अंगावर सांडतं, म्हणून तो सूड घ्यायला निघतो. हिशेब सरळ आहे. १९९२ मध्ये पॉल डिनी यांनी लिहिलेल्या 'हार्ट ऑफ आइस' या भागात फ्रीझला पत्नी आहे, नोरा. ती असाध्य आजारी आहे. तिला वाचवण्यासाठी गोठवून ठेवण्याचा त्याचा प्रयोग कंपनीचा मालक बंद पाडतो. त्याच मालकाचा पुढे मानवतेचा कैवारी म्हणून सत्कार होत असतो. बॅटमॅन फ्रीझला पकडतो, पण सत्काराच्याच ठिकाणी मालकाचं पितळही उघडं पाडतो. गुन्हेगार तुरुंगात गेला आणि तरीही न्याय झाल्यासारखं वाटत नाही. ही बोच पहिल्या मालिकेत शक्यच नव्हती.

दुसरा भाग 'परचान्स टू ड्रीम'. ब्रूसला जाग येते तर आईवडील जिवंत! बॅटमॅन कोणी दुसराच आहे. हवं ते सगळं मिळालंय. पण वर्तमानपत्र उघडलं तर अक्षरं लागत नाहीत, आणि त्याला कळतं की हे स्वप्न आहे, शत्रूने यंत्राने घातलेलं. तो मनोऱ्यावर चढतो आणि जागं होण्यासाठी उडी मारतो. रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये अनुभवयंत्राचा प्रश्न विचारला होता : हवा तो सुखाचा अनुभव देणाऱ्या यंत्रात तुम्ही कायमचे शिराल का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुलं यावर तासभर भांडतात. इथे मुलांच्या कार्टूनमधला नायक आपल्या दुःखाच्या बाजूने उत्तर देतो. खोट्या आईवडिलांपेक्षा खरं पोरकेपण बरं, असं तो म्हणतो.

तर मग वरचढ कोण? बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. दुसरा नायक खोल, पहिला उथळ. आपल्या दशरूपकात धीरोदात्त नायकाची लक्षणं दिली आहेत : गंभीर, क्षमाशील, स्वतःची बढाई न मारणारा, घेतलेलं व्रत न सोडणारा, आणि ज्याचा अहंकार झाकलेला आहे असा. मी ती सगळी लक्षणं कॉनरॉयच्या बॅटमॅनला लावायचो आणि मोकळा व्हायचो.

ते उत्तर मोडलं ते मुलीकडे, न्यू जर्सीत. नातवाने दुसऱ्या मालिकेतला एक भाग दाखवला, 'बिवेअर द ग्रे घोस्ट'. सायमन ट्रेंट नावाचा म्हातारा नट आहे. कधीकाळी दूरचित्रवाणीवर 'ग्रे घोस्ट' नावाचा वीर तो करायचा. त्या भूमिकेचा शिक्का बसल्यामुळे आता काम नाही. भाडं भरायला जुन्या वस्तू विकतोय. शहरात बाँबस्फोट होतात, ते त्या मालिकेतल्या एका भागासारखे. बॅटमॅन त्याच्याकडे मदत मागायला येतो आणि म्हाताऱ्याला कळतं की हा लहानपणी वडिलांशेजारी बसून आपलीच मालिका बघायचा. आपण त्याचा आदर्श होतो.

या ट्रेंटला आवाज दिलाय अ‍ॅडम वेस्टने. म्हणजे १९६६च्या बॅटमॅनने. वेस्टलाही नंतर त्या टोपीमुळे वर्षानुवर्षं मनासारखी कामं मिळाली नव्हती.

मी खुर्चीत सावरून बसलो. दुसरी मालिका पहिलीला सांगत होती : तुला हसले ते मोठे, आम्ही तुला हसणारी मुलं नव्हतो. दशरूपकाची लक्षणं मी पुन्हा मोजली. गंभीर आहे, क्षमाशील आहे, व्रत तर बदकांसाठीही सोडत नाही. अ‍ॅडम वेस्टचा बॅटमॅनही त्यात बसतो. फरक नायकाच्या गुणांत नव्हताच. भोवतालच्या जगाचा त्या गुणांवर विश्वास किती, यात होता. पहिल्याचं जग सुरक्षित होतं, म्हणून त्याचा सरळपणा विनोदी वाटला. दुसऱ्याचं जग किडलेलं होतं, म्हणून तोच सरळपणा शोकात्म वाटला.

आता एक खाजगी गोष्ट सांगतो आणि थांबतो. शाळेत आम्हाला नागरिकशास्त्राला एक गुरुजी होते. सायकलचा दिवा बिघडला असेल तर अंधारात सायकल हातात धरून दोन मैल चालत घरी जायचे. रस्त्यावर कुत्रंही नसायचं. आम्ही त्यांची नक्कल करायचो. सर्वांत चांगली मी करायचो. एकदा त्यांनी ती पाहिली. काही बोलले नाहीत. पुढे मी चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, आणि दिव्याशिवाय सायकल काही मला कधी चालवता आली नाही. हे त्यांना जाऊन सांगायचं राहिलं. सायमन ट्रेंटच्या दारात बॅटमॅन वेळेत पोचला, मी नाही पोचलो.

अ‍ॅडम वेस्ट जून २०१७ मध्ये गेला. त्यानंतर काही दिवसांनी एका रात्री लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलच्या भिंतीवर बॅटमॅनची खूण प्रकाशात उमटवली आणि खाली शेकडो माणसं जमली. त्यातली बरीचशी १९६६ साली मुलं असणार.

तुमच्याही आयुष्यात असे कोणी हसण्यावारी नेलेले सरळ गृहस्थ असतील, आणि हयात असतील, तर या आठवड्यात त्यांना भेटून या. पुढच्या वेळी खलनायकांकडे वळू. जोकरबद्दल पुष्कळ बोलण्यासारखं आहे. आता प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेतून सुरुवात करू या.