नरनाळा अभयारण्य

अकोला जिल्ह्यातील अभयारण्य व त्यातील गिरिदुर्ग. क्षेत्र १२.३५ चौ. किमी. अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर. एके काळी सैन्याचे ठाणे असलेली ही जमीन १९९७ मध्ये वन्य प्राण्यांसाठी राखीव झाली. सध्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग.

जाफराबाद, नरनाळा व तेलियागड असे या दुर्गाचे तीन भाग. मूळ बांधणी गोंड राजांची, अशी परंपरा आहे. फिरिश्त्याच्या तवारिखेनुसार अहमदशाह बहमनीने १४२५ नंतरच्या वऱ्हाडातील मुक्कामात त्याची दुरुस्ती केली. १४८७ मध्ये फतहुल्ला इमाद-उल्-मुल्कने महाकाली दरवाजा उभारला. पुढे तोच वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. फिकट वालुकाश्मातील या दरवाजावर कमळांची नक्षी व अरबी लेखांच्या पट्ट्या आहेत. बाजूच्या सज्जांच्या दगडी जाळ्यांत एकीचा नमुना दुसरीसारखा नाही. वऱ्हाडातील मुसलमानी वास्तुकलेत याच्या तोडीचे काम क्वचितच आढळते. इमादशाहीची सत्ता बळकावणाऱ्या तूफालखानाकडून १५७४ मध्ये अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाने किल्ला घेतला, शतक संपण्यापूर्वी तो मोगलांकडे व नंतर नागपूरकर भोसल्यांकडे आला. देवगावच्या तहाने (१७ डिसेंबर १८०३) गाविलगडासह तो भोसल्यांकडेच राहिला. १८२२ मध्ये निजामाकडे व १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर इंग्रजी अमलाखाली गेला. शिबंदी उठली आणि तटांच्या आत जंगल वाढले.

अंबर महाल, मशीद, तेलातुपाची टाकी व नऊगजी तोफ पाहण्याजोगी. जुन्या नोंदींत २२ तलाव असून त्यांतील ६ बारमाही म्हटले आहेत. शिबंदीसाठी साठवलेल्या या पाण्यामुळेच माथा जनावरांना राहण्याजोगा झाला. तलावांतील गाळ काढणे हे तटाच्या डागडुजीइतकेच निकडीचे आहे. सक्कर तलावाचे पाणी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर गुणकारी, अशी समजूत आहे. तीवर विसंबून लस टाळू नये. गडावर बुऱ्हानुद्दीन ‘बाघसवार वली’ यांचा दर्गा असून ते वाघावर स्वार होत, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

साग, सालई, धावडा, बांबू ही मुख्य झाडे. वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, रानडुक्कर हे प्राणी आढळतात.

गडावर वस्ती नाही. पायथ्याच्या परिसरात शेती व वन विभागाची रोजंदारी. मेळघाटातील बोरी, कोहा व कुंड या गावांचे २००१ नंतर अकोट परिसरात पुनर्वसन झाले.

किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक असून जंगल वन विभागाकडे आहे. पायथ्याच्या शहानूर येथील नाक्यावर नोंद केल्यावरच प्रवेश मिळतो.