नवी मुंबई विमानतळ : जमीन घडणीची कामे

रायगड जिल्ह्यात उलवे आणि पनवेल यांच्या दरम्यान खाडीकाठच्या खाजणात उभारलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ. क्षेत्र सु. १,१६० हेक्टर. केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये, पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी वाहतूक २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. प्रकल्पात राज्य सरकारच्या सिडको महामंडळाचा वाटा २६ टक्के, उरलेला आधी जीव्हीके व नंतर अदाणी समूहाकडे.

कमळाच्या आकाराचे टर्मिनल छायाचित्रांत मिरवते. पण स्थापत्य अभियांत्रिकीची खरी कसोटी ते उभे राहण्यापूर्वीच लागली. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. नव्या जागी समांतर धावपट्ट्या हव्या होत्या, आणि जागा मात्र दलदल, खारफुटी, नद्या व डोंगर यांची. सु. ९० मीटर उंचीची उलवे टेकडी उड्डाणमार्गात आडवी येत होती. काळ्या कातळाची ही टेकडी सुरुंग लावून उतरवली आणि तोच दगड भरावात घातला. अडथळा होता तोच खाण म्हणून उपयोगी पडला. सुरुंगांच्या हादऱ्यांबद्दल आसपासच्या गावांनी तक्रारी केल्या, त्या वावग्या नव्हत्या.

उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. गाढी नदी मात्र वळवू नये म्हणून धावपट्ट्यांमधले नियोजित अंतर १,८०० मीटरवरून १,५५० मीटरवर आणले गेले. आराखडा नदीपुढे नमल्याचे हे विरळ उदाहरण. उच्चदाब वीजवाहिन्याही हलवल्या.

खाडीकाठची चिकणमाती पाण्याने फुगलेली असते. तिच्यावर थेट भराव टाकला तर ती वर्षानुवर्षे, तीही कमीजास्त, खचत राहते. इमारतीला पाया खोल नेता येतो. ३,७०० मीटर लांबीच्या धावपट्टीला ती सोय नाही. म्हणून अशा मातीतले पाणी आधी काढून, तिला दाबून घट्ट करावे लागते.

पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी, अंतिम उद्दिष्ट नऊ कोटी. जागेसाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे आदी दहा वस्त्या उठल्या, सु. तीन हजार कुटुंबांना संपादित जमिनीच्या साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याची योजना लागू झाली. भूसंपादनाविरुद्धच्या १९८४ च्या जासई शेतकरी आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २०२२ मध्ये केला.