सायकलींच्या जमावाचा आयोजक कोण?

रस्त्यावर उतरलेल्या लोकांना पोलीस सहसा पहिला प्रश्न विचारतात तो परवानगीचा. परवानगी कुठंय, आणि आयोजक कोण? मोर्चा काढणाऱ्याला, मिरवणूक नेणाऱ्याला, निदर्शनाला बसणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. पण एखाद्या जमावाला खरोखरच कुणी आयोजक नसेल तर? अमेरिका आणि ब्रिटनमधल्या सायकलस्वारांनी गेल्या तीस वर्षांत हा पेच आधी पोलिसांपुढे आणि मग न्यायालयांपुढे टाकला. मी काही सायकलपटू नाही. पण शांतपणे एकत्र येण्याचा हक्क कागदावर किती आणि रस्त्यावर किती, हे समजून घ्यायचं तर हा इतिहास फार उपयोगी आहे.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत झाली. सप्टेंबर १९९२च्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पन्नासेक सायकलस्वार एकत्र जमले आणि गर्दीच्या वेळी शहरातून सोबत घरी निघाले. मोटारींच्या शहरात आपल्यालाही जागा आहे, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. पुढे या फेरीला ‘क्रिटिकल मास’ हे नाव पडलं. ते टेड व्हाईट यांच्या माहितीपटातून आलं. चीनमधल्या सिग्नल नसलेल्या चौकात सायकलस्वार थांबत जातात, पुरेशी संख्या झाली की सगळे मिळून रस्ता ओलांडतात, असं वर्णन त्यात होतं. एकट्याला न मिळणारी वाट जमावाला मिळते, हा त्याचा अर्थ.

दर महिन्याचा शेवटचा शुक्रवार, ठरलेली जागा, ठरलेली वेळ. नेता नाही, समिती नाही, मार्गही आधी ठरलेला नाही. जो पुढे असेल तो वळेल तिकडे बाकीचे वळणार. ही पद्धत जगभरच्या शेकडो शहरांत पोचली.

पोलिसांची अडचण खोटी होती असं मी म्हणणार नाही. हा ताफा तुटू नये म्हणून काही जण बाजूच्या रस्त्यांवर सायकली आडव्या लावून मोटारी अडवत. लाल दिवा लागला तरी मागचे पुढच्यांबरोबर निघून जात. हे वाहतुकीच्या नियमात बसत नाही. अडकलेल्या मोटारवाल्यांशी बाचाबाची होई, कधी हाणामारीही. १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर विली ब्राऊन यांनी फेरीला शिस्त लावायचं मनावर घेतलं. पोलिसांशी मार्ग ठरवून घ्या, असा आग्रह धरला. पण ठरवायचं कुणाशी? २५ जुलैच्या फेरीला हजारो लोक आले, शंभराहून जास्त जणांना अटक झाली आणि सायकली जप्त झाल्या. पुढच्या काळात तिथले पोलीस बहुतेक वेळा फेरीसोबत चालू लागले. तोडगा निघू शकतो, हे त्या शहरात दिसलं.

न्यूयॉर्कनं दुसरी वाट धरली. २००४च्या ऑगस्टअखेरीस तिथे रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन भरणार होतं. इराक युद्धाविरुद्ध निदर्शनं होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अधिवेशनाच्या तीन दिवस आधी, २७ ऑगस्टला, महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. सुमारे पाच हजार सायकलस्वार निघाले. पोलिसांनी रस्त्यांवर जाळ्या ताणून २६४ जणांना पकडलं. त्याआधी अनेक वर्षं हीच फेरी त्याच शहरातून पोलिसांच्या डोळ्यांदेखत जात होती. त्या शुक्रवारी फेरी बदलली नव्हती, सरकारची भीती बदलली होती. एका जमावाकडे एकदा संशयानं पाहायचं ठरलं की कालपर्यंत चालणारी गोष्ट आज गुन्हा कशी होते, हे वेगळं सांगायला नको.

पुढची काही वर्षं दर महिन्याला हाच खेळ चालला. स्कूटर आणि हेलिकॉप्टर घेऊन पोलीस मागावर, सायकलस्वार गल्लीबोळांतून पसार. शहर प्रशासन न्यायालयात गेलं. परवाना नसलेली ही फेरी थांबवा, अशी मागणी केली. फेडरल न्यायाधीश विल्यम पॉली यांनी २००४च्या अखेरीस ती मान्य केली नाही. राज्य न्यायालयातही २००६ मध्ये शहराला नकार मिळाला. मग प्रशासनानं नियमच बदलला. २००७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त सायकली एकत्र निघाल्या तर ती मिरवणूक, आणि मिरवणुकीला परवाना हवा. हा नियम न्यायालयात २०१० साली टिकला.

याच काळात, २५ जुलै २००८ रोजी, टाइम्स स्क्वेअरजवळ एका तरुण पोलिसानं धावत्या सायकलस्वाराला ढकलून फुटपाथवर आदळलं. तक्रारीत मात्र त्यानं उलटंच लिहिलं. सायकलस्वारानंच आपल्या अंगावर सायकल घातली, असा आरोप ठेवला. एका पर्यटकानं हे सगळं चित्रित केलं होतं. तो व्हिडिओ यूट्यूबवर आला, लाखो लोकांनी पाहिला आणि सायकलस्वारावरचा खटला मागे घ्यावा लागला. पोलिसाची नोकरी गेली. २०१० मध्ये ज्युरीनं त्याला मारहाणीतून सोडलं, पण खोटी कागदपत्रं दाखल केल्याबद्दल दोषी धरलं. तुरुंगवास झाला नाही. ती चित्रफीत नसती तर पोलिसाचा शब्द विरुद्ध आरोपीचा शब्द, एवढंच उरलं असतं. अशा सामन्यात कोण जिंकतं हे आपल्याला माहीत आहे.

त्याच वर्षी शहरानं ८३ सायकलस्वारांना मिळून ९ लाख ६५ हजार डॉलर भरपाई देऊन दावे मिटवले. २०१४ मध्ये अधिवेशनाच्या वेळच्या अटकांबद्दल सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर द्यायचं ठरलं. हे पैसे करदात्यांच्या खिशातून गेले. तोवर न्यूयॉर्कची फेरी हजारांवरून मोजक्या लोकांवर आली होती. मोबदला मिळाला, पण रस्ता गेला. उशिरा मिळालेला इन्साफ असाच असतो.

लंडनमध्ये मात्र निकाल वेगळा लागला. तिथे १९९४ पासून वॉटर्लू पुलाजवळून ही फेरी निघते. २००५ मध्ये पोलिसांनी सायकलस्वारांना पत्रकं वाटली. १९८६च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यानुसार सहा दिवस आधी तारीख, वेळ, मार्ग आणि आयोजकाचं नाव कळवा, नाहीतर कारवाई होईल. याच कायद्यात एक सूट होती. रूढीनं चालत आलेल्या मिरवणुकीला पूर्वसूचना लागत नाही. पोलीस म्हणाले, मार्ग दरवेळी वेगळा, मग रूढी कसली? २६ नोव्हेंबर २००८ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सनं एकमतानं सांगितलं की तीच जागा, तीच वेळ, तेच नाव, वर्षानुवर्षं चालत आलेलं. ही रूढीच आहे. अर्थात रूढीचं कवचही पूर्ण नसतं. २७ जुलै २०१२ रोजी, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या रात्री, थेम्सच्या उत्तरेला जायचं नाही हा पोलिसांचा हुकूम मोडल्यावरून १८२ जणांना अटक झाली.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम १९ शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क देतं. मुंबई पोलीस कायद्याखाली अहमदाबादेत केलेल्या एका नियमावर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हिम्मतलाल शहा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. घटनापीठानं सांगितलं की सरकार सभांचं नियमन करू शकतं, पण परवानगी द्यायची की नाही हे निव्वळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. नियमन आणि मर्जी यांतला हा फरकच न्यूयॉर्कच्या चौकात पुसला गेला होता.

दिंडी, ताबूत, गणपती, भीमजयंती. आपले रस्ते रूढीवर चालतात, आणि प्रत्येकाला स्वतःची रूढी हक्क वाटते, दुसऱ्याची मात्र अडथळा. सायकलस्वारांचा हा इतिहास वाचताना मला वाटतं, आपल्यासमोर खरा प्रश्न इथे आहे. ज्याच्या मिरवणुकीमुळे आपली गाडी अडकते, त्याच्या परवानगीसाठी आपण बोलणार का? आपली पाळी आल्यावर बोलायला कुणी उरावं, असं वाटत असेल तर बोलावं लागेल.