ह्युएनत्संगाची शिदोरी



घरांतील मुलगा किंवा मुलगी परदेशीं जाण्यास निघाली म्हणजे त्या घरांत महिनाभर एक यादी फिरत असते. गरम कपडे, औषधें, मेतकूट, लोणच्याची बरणी, पारपत्राच्या प्रती, पैसे कोठें व कसे ठेवावयाचे याच्या सूचना. यादी वाढत जाते, आणि तरीहि आईच्या मनाचें समाधान होत नाहीं. ‘आणखी काय बरें द्यावें?’ हा तिचा प्रश्न शिल्लकच राहतो. या प्रश्नाचें उत्तर आज इतिहासाला विचारून पाहावें असा माझा विचार आहे. त्याकरितां ज्या प्रवाशाची गोष्ट मी सांगणार आहे, तो परदेशांतून आपल्या देशांत आला, आपल्या महाराष्ट्रांतहि येऊन गेला, आणि सुमारें सोळा वर्षें घराबाहेर काढून सुखरूप परतला. तो प्रवासी म्हणजे चिनी भिक्षु ह्युएनत्संग.

बौद्ध धर्मग्रंथांच्या चिनी भाषांतरांत त्याला जागोजाग विसंगति दिसे. मूळ ग्रंथ पाहावे आणि जाणत्या गुरूपाशीं बसून ते समजून घ्यावे, एवढ्याकरितां तो इ. स. ६२९ च्या सुमारास चांगआन या राजधानींतून निघाला. त्याचें वय तेव्हां तिशीच्या आंत होतें. त्याची हकीकत आपल्याला दोन ठिकाणीं मिळते: एक त्यानें स्वतः सांगितलेलें प्रवासवर्णन, आणि दुसरें हुइली या त्याच्या शिष्यानें लिहिलेलें चरित्र. शिष्याच्या लिहिण्यांत भक्तीचा अंश असणारच; तो वजा केला तरी जें उरतें तें पुष्कळ आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळीं चीनच्या सीमेबाहेर जाण्यास बादशहाची मनाई होती. ह्युएनत्संगानें परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. आणि तो लपून निघाला. सीमेजवळच्या क्वाचौ गांवीं त्याला पकडण्याचा हुकूम येऊन पोहोंचला. तेथील ली चांग नांवाचा अधिकारी श्रद्धाळू होता. त्यानें तो कागद भिक्षूला दाखविला, त्याच्या समोरच फाडून टाकला, आणि ‘लौकर निघा’ म्हणून सांगितलें. नशीब बलवत्तर म्हणून हें साधलें. अनुकरण करण्यासारखें हें नव्हे. खुद्द ह्युएनत्संगालाहि ही गोष्ट शेवटपर्यंत टोंचत होती, हें पुढें दिसेलच.

क्वाचौच्या पुढें वाळवंट होतें. तेथें त्याला एक म्हातारा परदेशी मनुष्य भेटला. त्याच्यापाशीं एक रोडका, तांबडा, म्हातारा घोडा होता. म्हातारा म्हणाला, हा घोडा वाळवंट ओलांडून हामीपर्यंत पंधरा वेळां जाऊन आला आहे. तुमचा घोडा तरुण असला तरी वाट नेणारा नाहीं. ह्युएनत्संगानें आपला घोडा देऊन तो रोडका घोडा घेतला. आपल्यापैकीं किती जणांनीं हा सौदा केला असता, याचा श्रोत्यांनीं विचार करावा.

वाटाड्या म्हणून जो मनुष्य बरोबर आला होता, तो पहिल्याच रात्रीं सुरा उपसून भिक्षूच्या बिछान्याकडे आला आणि कांहीं विचार करून मागें फिरला. दुसऱ्या दिवशीं त्यानें पुढें येण्याचें नाकारलें. ह्युएनत्संगानें त्याला एक घोडा देऊन निरोप दिला आणि तो एकटा निघाला. वाटेंत पहाऱ्याचे पांच बुरूज होते, आणि पाणी मिळे तें बुरुजांपाशींच. पहिल्या बुरुजाशीं पाणी घेत असतां सणसणत आलेला एक बाण त्याच्या गुडघ्याजवळून गेला. त्यानें मोठ्यानें ओरडून आपण भिक्षु असून राजधानींतून आलों आहों असें सांगितलें. पकडून नेल्यावर बुरुजाच्या नायकापुढें त्यानें आपलें नांव व हेतु कांहींहि न लपवितां सांगितला. तें ऐकून त्या नायकानें त्याला पीठ व पाणी दिलें, आणि चौथ्या बुरुजावर आपला आप्त आहे, त्याच्याकडे जा, म्हणून वाट दाखविली. त्या आप्तानें त्याला पाण्याची एक मोठी पखाल दिली, आणि पांचव्या बुरुजावरचे लोक दांडगे आहेत, तो टाळून पुढच्या झऱ्याकडे जा, असें बजावलें.

पुढें ८०० ली, म्हणजे अदमासें अडीचशें मैलांचें वाळवंट होतें. झऱ्याची वाट चुकली. पाणी पिण्याकरितां उचललेली जड पखाल त्याच्या हातून निसटली, आणि सगळें पाणी वाळूंत गेलें. चार रात्री व पांच दिवस पाण्याचा थेंब त्याच्या तोंडांत पडला नाहीं. मनुष्य व घोडा दोघेहि वाळूंत पडून राहिले. पांचव्या रात्रीं गार वारा सुटला आणि घोडा उठला. कांहीं अंतर गेल्यावर तो एकाएकीं दुसऱ्याच दिशेस वळला. लगाम ओढला तरी ऐकेना. त्या दिशेस हिरवें गवत होतें व पाण्याचें तळें होतें.

यांत चमत्कार मानण्याचें मला कारण दिसत नाहीं. पंधरा वेळां वाट तुडविलेल्या जनावराला पाणी कोठें आहे हें माहीत होतें. सगळें पाणी एकाच पखालींत भरलें ही चूक झाली. परंतु वाट जाणणारा सोबती निवडला होता, त्यानें ती चूक निभावून नेली.

हामीनंतर तो तुर्फानला आला. तेथील राजा च्यू वन्-ताय यानें त्याचा मोठा सत्कार केला; इतका, कीं त्याला सोडावयास तो तयार होईना. परदेशांत संकट नेहमींच शत्रूच्या रूपानें येतें असें नाहीं. विनवण्या व्यर्थ झाल्या तेव्हां ह्युएनत्संगानें अन्नपाणी सोडलें. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशीं त्याचा श्वास मंद झालेला पाहून राजा शरण आला. दोघांनीं राजमातेसमक्ष एकमेकांस भाऊ मानलें, आणि परत येतांना तुर्फानला तीन वर्षें राहण्याचें भिक्षूनें वचन दिलें.

मग राजानें भावाची तयारी करून दिली. ती यादी आजच्या आईनेंहि वाचावी अशी आहे. थंडीकरितां तोंड झांकण्याचीं वस्त्रें, हातमोजे, बूट व पायमोजे, ३० वस्त्रजोड, १०० ल्यांग सोनें, ३०,००० चांदीचीं नाणीं, रेशमाचे ५०० ठाण, ३० घोडे व नोकरचाकर. हा खर्च वीस वर्षें पुरावा असा त्याचा हिशेब होता. परंतु या सर्वांहून मोलाचीं अशीं २४ पत्रें राजानें लिहून दिलीं. वाटेवरच्या २४ राज्यांच्या राजांना तीं पत्रें होतीं, आणि प्रत्येकासोबत रेशमाचा एकेक नजराणा होता. तुर्कांच्या खाकानाला वेगळें पत्र, रेशमाचे आणखी ५०० ठाण, आणि फळांच्या दोन गाड्या होत्या.

पुढें तिएनशान पर्वताचा बर्फ ओलांडण्यास सात दिवस लागले. दहांपैकीं तीन-चार माणसें थंडीनें व उपासानें तेथेंच मेलीं. बैल-घोडे तर त्याहून अधिक. राजाचें धन व हातमोजे असूनहि हें झालें! पलीकडे खाकानाची छावणी होती. तेथें त्या पत्रानें काम केलें. चिनी भाषा जाणणारा एक तरुण खाकानानें शोधून काढला व दुभाषा म्हणून सोबत दिला, आणि पुढील राज्यांना स्वतःचीं पत्रें दिलीं. बर्फानें जें हिरावून घेतलें तें पत्रांना हिरावतां आलें नाहीं.

हिंदुस्थानांत आल्यावर पंजाबांत एका पळसाच्या रानांत सुमारें पन्नास दरोडेखोरांनीं त्यांना लुटलें. अंगावरचीं वस्त्रेंहि नेलीं आणि सर्वांना एका कोरड्या तळ्याकडे हांकीत नेलें. ह्युएनत्संग एका सोबत्यासह झुडपांतून निसटला. जवळच एक ब्राह्मण शेत नांगरीत होता. हकीकत ऐकतांच त्यानें शंख फुंकला, ढोल वाजविला. गांवचे ऐंशी लोक हत्यारें घेऊन धांवले आणि बांधलेल्या माणसांची सुटका झाली. सोबती रडत होते. हा मात्र हंसत होता. जिवाहून मोठें धन नाहीं, तें शिल्लक आहे, मग वस्त्रांसाठीं शोक कशाला, असें त्याचें म्हणणें होतें. दुसऱ्या दिवशीं पुढच्या नगरांतील लोकांनीं त्यांना कापड व अन्न आणून दिलें. पुढें गंगेवर चांच्यांनीं त्याला देवीपुढें बळी देण्याकरितां पकडलें. वादळ उठलें, चांचे घाबरले, आणि तो वांचला.

नालंदा येथें शीलभद्र या वृद्ध आचार्यांपाशीं तो कित्येक वर्षें शिकला. संस्कृत त्यानें अशी आत्मसात केली कीं पुढें विद्वानांच्या सभेंत तो त्याच भाषेंत वाद करूं लागला. दुभाष्याची गरज सरली. आणि तेव्हांच तो या देशांत खऱ्या अर्थानें निर्भय झाला असें मला वाटतें. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रांत आला. दुसऱ्या पुलकेशीचें राज्य होतें. उपकार करणाऱ्याला येथील लोक विसरत नाहींत, अपमान करणाऱ्याला सोडीत नाहींत, आणि सूड घ्यावयाचा झाला तरी शत्रूला आधीं कळवितात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. लढाईपूर्वीं येथें योद्ध्यांना व हत्तींना मद्य पाजीत, हेंहि त्यानें लिहिलें. भिक्षूच्या आचाराला न मानवणारी ही गोष्ट त्यानें आरडाओरड न करतां नोंदविली. परक्या घरीं कसें राहावें याचा हा धडाच आहे.

परतीची वेळ आली तेव्हां सम्राट् हर्षानें त्याला विचारलें कीं समुद्रमार्गानें जाणार असाल तर माणसें देतों. ह्युएनत्संगानें उत्तरेची खडतर वाट पसंत केली. कारण तुर्फानच्या राजाला दिलेलें वचन! हर्षानें हत्ती दिला, सोनें-चांदी दिली, आणि पुन्हां पत्रेंच दिलीं: पांढऱ्या सुती कापडावर लिहिलेलीं व तांबड्या लाखेनें मुद्रित केलेलीं.

सिंधु नदी ओलांडतांना वादळ झालें. सुमारें ५० पोथ्या आणि जमविलेलें फुलांचें बीं बुडालें. आणि ज्या भावाकरितां तो या वाटेनें आला होता, तो भाऊहि उरला नव्हता. इ. स. ६४० मध्यें चिनी सैन्यानें तुर्फान जिंकलें होतें व च्यू वन्-ताय मरण पावला होता. वचन पाळणारा आला, पण घेणारा नव्हता.

खोतान येथें पोहोंचल्यावर ह्युएनत्संग थांबला. सीमा ओलांडण्यापूर्वीं त्यानें बादशहाला पत्र लिहिलें; आपण परवानगीवांचून गेलों होतों हें स्वतः कबूल केलें. कित्येक महिन्यांनीं उत्तर आलें. त्यांत क्षमा होती आणि स्वागतहि होतें. इ. स. ६४५ मध्यें ६५७ ग्रंथ २० घोड्यांवर लादून तो चांगआनला पोहोंचला. इ. स. ६५४ मध्यें त्यानें हिंदुस्थानांतील एका विद्वान् मित्रास पत्र पाठविलें. सिंधूंत बुडालेल्या ग्रंथांची यादी जोडून, जमल्यास त्या प्रती पाठवाव्या अशी विनंति केली. बुडालेली वस्तु मागावयास तेथें मित्र होता, हें त्याच्या प्रवासाचें मोठें संचित होय.

आतां त्या आईच्या प्रश्नाकडे वळतों. हातमोजे द्यावे, औषधें द्यावीं, पैसे एकाच ठिकाणीं ठेवूं नको म्हणून बजावावें. सांडलेली पखाल हेंच सांगते. त्या देशाचे नियम पाळावे, कागदपत्र चोख ठेवावे. परंतु सामान हरवतें, बुडतें, लुटलें जातें. सोळा वर्षांत ह्युएनत्संगाचें कितीदां तरी गेलें. प्रत्येक वेळीं त्याला तारलें तें माणसांनीं: पंधरा वेळां जाऊन आलेल्या घोड्याचा तो धनी, पाणी देणारा बुरुजाचा नायक, पत्रें देणारा राजा, शंख फुंकणारा शेतकरी. म्हणून मुलाला निघण्यापूर्वीं तेथें राहून आलेल्या एखाद्या माणसापाशीं दोन घटका बसवावें, तेथील चार ओळखींचीं नांवें त्याच्या वहींत लिहून द्यावीं, त्या देशाच्या भाषेचे निदान थोडे शब्द घोकून घ्यावे, आणि अडचणींत खरें बोलण्याची व मदत मागण्याची लाज धरूं नको, असें सांगावें. ही शिदोरी वजनाला जड नाहीं.

आणि आपल्या दारीं कोणी परदेशी वाटसरू वाट चुकून आला, तर त्या शंख फुंकणाऱ्या शेतकऱ्याची आठवण आपणांस व्हावी, एवढेंच मागून मी आपली रजा घेतों.