संजय कोणाचा?

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ म्हणजे सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या गीतेचा आरंभ एका अंध माणसाच्या प्रश्नाने होतो. धृतराष्ट्र विचारतो, संजय पाहून सांगतो. अंध माणूस संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला कसा शिकतो, हे समजून घ्यायला आम्हांला हाच दृष्टान्त जवळचा वाटतो.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हत्यार कोणाच्या हाती आहे, हा आमचा पहिला प्रश्न असतो. बार्बिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बारा टिंबांची उठावाची लिपी काढली. पण तो डोळस होता. बोटाच्या एका स्पर्शात बारा टिंबे मावत नाहीत, हे लुई ब्रेल या अंध मुलाने ओळखले आणि १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांत लिपी बसवली. ज्याची अडचण, त्यानेच हत्याराला धार लावली.

संगणकाच्या बाबतीतही तेच घडले. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, पुण्याचा. काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. घरची माणसे पुस्तके वाचून दाखवीत. पुणे विद्यापीठात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्राकडे वळले. तेथे राष्ट्रीय सेवा योजनेतले विद्यार्थी पुस्तके वाचून ध्वनिफितींवर भरून देत. हे सारे त्यांचे संजय. परंतु संजय दमतो, त्याला स्वतःचीही परीक्षा असते. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रामन यांनी गणिताची सूत्रे बोलून दाखविणारी प्रणाली रचली, तिच्यावर १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९९५ मध्ये 'इमॅकस्पीक' हा बोलका कार्यमंच सर्वांना खुला केला. आपला संजय त्यांनी आपणच घडविला.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखविणारे प्रोग्रॅम तेव्हाही विकत मिळत. पण ते महाग असत. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला; जेम्स तेह हा अंध सहकारी त्याला मिळाला. तो फुकट मिळतो, मराठीही बोलतो. त्याचा मोठा भाग पायथन भाषेत लिहिलेला आहे. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर अर्थ ठरतो. डोळसाला ते एका नजरेत दिसते. अंध विद्यार्थ्याला एनव्हीडीए तेवढ्या जागा मोजून सांगतो किंवा स्वर बदलून ऐकवतो. कंस आणि स्वल्पविरामही ऐकावे लागतात, आणि साऱ्या रचनेचा आराखडा मनात धरावा लागतो. ओव्या मुखोद्गत करणाऱ्या मुलखाला हे कष्ट नवे नाहीत.

अडते ते दुसरीकडे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना किमान चार टक्के जागा दिल्या. त्यांतला एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांचा. पण धडे चित्रांचे ठोकळे ओढण्याचे असतील, बटणांना नावेच दिलेली नसतील, तर संजय नुसते 'बटण, बटण' म्हणत राहतो. बटणाला नाव द्यायला दोन शब्द पुरतात. म्हणून अहिल्यानगरपासून अकोल्यापर्यंत, जेथे संगणकाचा वर्ग निघेल तेथे पालकांनी फी भरण्यापूर्वी विचारावे : येथला संगणक बोलतो का? धृतराष्ट्राला युद्ध केवळ ऐकायचे होते. आमच्या मुलांना ऐकून हुकूम सोडायचा आहे.