सांवलीच्या कांठचें गांव

परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे वाटेंत घाटनांदूर नांवाचें स्टेशन लागतें. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यांतील हें गांव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला कोणीं ठळक जागा दिलेली नाहीं. तथापि आज मी ज्या दिवसाची हकीकत सांगणार आहें, त्या दिवशीं सृष्टीचा एक मोठा प्रयोग या गांवाच्या अगदीं शेजारून निघून गेला. प्रयोग हा शब्द मी मुद्दाम वापरतों. आपल्या भाषेंत नाटकाचाही प्रयोग होतो आणि शास्त्राचाही होतो. त्या दिवशीं हे दोन्ही अर्थ एकाच मांडवाखालीं आले होते.

तो दिवस म्हणजे शनिवार, २२ जानेवारी १८९८. शके १८१९ मधील पौष अमावास्या. त्या दिवशीं दुपारीं सूर्याला खग्रास ग्रहण लागलें. चंद्राची गडद छाया अरबी समुद्रावरून विजयदुर्गाशीं किनाऱ्यावर चढली, कऱ्हाडावरून व करमाळें तालुक्यांतील जेऊरवरून ईशान्येस सरकली, वऱ्हाडांतील तळणी व वर्ध्याजवळचें पुलगांव यांवरून गेली, आणि पुढें शहाडोल, बक्सर असा मार्ग धरून हिमालयाकडे निघून गेली. नकाशा उघडून जेऊरपासून पुलगांवपर्यंत एक रेघ ओढून पाहा. ती बीड जिल्ह्याच्या पोटांतून, माजलगांवच्या आसपासून जाते. बीड शहर छायेंत येतें. घाटनांदूर तिच्या दक्षिण कांठाजवळ राहतें. जेऊर ते पुलगांव हें अंतर सव्वाचारशें किलोमीटरांच्या घरांतलें. छायेनें तें पाव तासाच्या आंत तोडलें. कोणत्याही एका जागीं पूर्ण काळोख मिळाला तो सुमारें दोन मिनिटें.

या दोन मिनिटांसाठीं विलायतेहून व अमेरिकेहून विद्वान मंडळी महिनाभर आधीं निघालीं होतीं. त्यांनीं तळ कोठें टाकले, हें पाहण्यासारखें आहे. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरले, कारण तेथें आरमारी जहाज लागत असे. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांवाला हे जेऊरास होते, कारण जेऊर जी. आय. पी. रेल्वेवर. ब्रिटिश ज्योतिर्विद मंडळाचे लोक तळणीस, न्यूऑल व हिल्स पुलगांवास. हीं दोन्हीं स्टेशनें नागपूरच्या रेल्वेवर. लोखंडी रूळ जेथें होते तेथें शास्त्र उतरलें. मधला मुलूख निजामाच्या राज्याचा होता. बीडला रेल्वे नव्हती. ती बीड शहरांत पोहोंचली २०२५ सालीं. छाया सर्वांना सारखी वांटली गेली. दुर्बिणी तशा वांटल्या गेल्या नाहींत.

काळही मोठा बिकट होता. दुष्काळ नुकताच सरला होता, मुंबई इलाख्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें, आणि पुण्यांत रँडच्या खुनाला पुरे आठ महिनेही झाले नव्हते. वेदांतील मृगशीर्षाच्या उल्लेखांवरून वेदांचा काळ काढणारे लोकमान्य टिळक त्या दुपारीं सरकारच्या तुरुंगांत होते. भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं मराठींत सिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याच १८९८ सालीं वारले. आकाशाविषयीं मराठींत अधिकारानें बोलणारे दोन पुरुष, आणि त्या सालानें त्यांना असें गांठलें.

मग मधल्या मुलखांत ग्रहण साजरें झालें नाहीं काय? झालें, पण आपल्या रीतीनें. गांवच्या जोशाजवळ गणेश दैवज्ञांचें ग्रहलाघव असे. कोंकणांतील नांदगांवीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं रचलेलें हें पुस्तक महाराष्ट्रांतील पंचांगांचा आधार होऊन राहिलें होतें. तें सगळें श्लोकबद्ध आहे. ज्या-कोटिज्यांची खटपट न करतां बेरीज-वजाबाकी व गुणाकार-भागाकार यांवर ग्रहणाचा काळ काढावयाचा, आणि रीति विसरूं नये म्हणून ती वृत्तांत बांधावयाची, अशी ती योजना. गणित आणि काव्य हे दोन निराळे विषय आहेत हें त्या जोशाला सांगितलें असतें तर त्याला नवल वाटलें असतें. स्पर्श झाला कीं नदीकांठीं स्नानें, जप, दान. मोक्ष झाला कीं पुन्हां स्नान. गल्लींतून 'दे दान सुटे गिराण' ही आरोळी. यांत भीति होती, आणि ती भीति मी गोड करून सांगणार नाहीं. गरोदर बायकांना अंधाऱ्या खोलींत बसविणारी ती रूढि होती. परंतु सगळें गांव एका वेळीं एका आकाशाखालीं जमण्याचा हा प्रसंग होता, हेंही खरें आहे.

आतां विद्वानांच्या तळांकडे वळूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, चित्रकाराचें काम जेथें संपतें तेथें शास्त्रज्ञाचें सुरू होतें. ग्रहणाच्या बाबतींत तसें नाहीं. खग्रास काळांत सूर्याभोंवतीं जो मोत्यासारखा किरीट दिसतो, त्याचा आंतला भाग फार तेजस्वी आणि बाहेरचा फार मंद असतो. छायाचित्राची कांच थोडा वेळ उघडी ठेवावी तर बाहेरचे किरण उमटत नाहींत; पुष्कळ वेळ ठेवावी तर आंतला भाग जळून पांढरा होतो. डोळा मात्र दोन्ही एकदम पाहतो. म्हणून छायाचित्रणाची कला चांगली वाढल्यावरही हातानें काढलेल्या चित्रांची गरज सुटली नाहीं. लॉकियरनीं विजयदुर्गास आरमारी जहाजाच्या खलाशांना तालीम दिली. कोणीं किरीट रेखाटावयाचा, कोणीं तारे शोधावयाचे, कोणीं जमिनीवरचे रंग टिपावयाचे, हें ठरवून दिलेलें. नाटकाची रंगीत तालीम व्हावी तशी ती दिवसेंदिवस झाली. इंग्लंडांत वेस्ली नांवाचे गृहस्थ ज्योतिषमंडळाचे सहायक चिटणीस होते. मूळचे ते तांब्यावर खोदकाम करणारे कारागीर. एकाच ग्रहणाच्या अनेक कांचा शेजारीं शेजारीं मांडून, प्रत्येकींतून जेवढें खरें तेवढें उचलून, एक चित्र सिद्ध करणें हा त्यांचा हातखंडा. पुढें १९१८ सालीं अमेरिकेंत बटलर नांवाच्या चित्रकारास ग्रहणाच्या वेधासाठीं मुद्दाम नेलें गेलें. त्याला ११२ सेकंद मिळाले. तेवढ्यांत त्यानें रंगांचीं टिपणें लघुलिपींत केलीं आणि चित्र मागाहून रंगविलें.

जेऊरास कॅम्बेलनीं चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभा केला होता. तळणीस मात्र याच्या उलट गोष्ट घडली. तेथें ॲनी माँडर नांवाची बाई नवऱ्याबरोबर आली होती. ग्रिनिच वेधशाळेंत ती गणक म्हणून नोकरीस होती. लग्न झालें म्हणून १८९५ सालीं तिला ती नोकरी सोडावी लागली. तिच्याजवळ दीड इंच भिंगाचा लहानसा कॅमेरा होता. त्या लहान कॅमेऱ्यानें वऱ्हाडच्या आकाशांत किरीटाचा एक किरण असा पकडला कीं, त्याची लांबी सुमारें ६० लक्ष मैल भरली. तोंवर इतका लांब किरण कोणाच्याही कांचेवर उमटला नव्हता. पगारी नोकरीला अपात्र ठरलेल्या बाईनें तळणीच्या माळावर हें काम केलें. मला या सर्व मोहिमेंत हेंच चित्र अधिक आवडतें.

बक्सरच्या तळावर एक निराळाच असामी होता. नेव्हिल मॅस्केलिन हा लंडनचा नामांकित जादूगार. ईजिप्शियन हॉलमध्यें त्याचे खेळ चालत. हलत्या चित्रांचा कॅमेरा घेऊन तो ग्रहण टिपावयास आला, आणि त्यानें तें टिपलेंही. परंतु परतीच्या वाटेवर ती फीत चोरीस गेली! जादूगाराच्याच पेटींतून वस्तु नाहींशी व्हावी, हा विनोद नियतीनें केला. मुंबईस हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं ती १८९६ च्या जुलईंत. म्हणजे दीडच वर्षानें सूर्य त्या कलेचा विषय झाला होता. मॅस्केलिननें १९०० सालीं अमेरिकेंत जाऊन पुन्हां प्रयत्न केला. ती फीत मात्र राहिली, आणि २०१९ सालीं दुरुस्त होऊन लोकांपुढें आली.

नायगांवाला यांचें नांव आपल्याकडे घ्यावें तितकें घेतलें जात नाहीं. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास त्यांनीं वेधशाळा उभारली; तींत वीस इंच व्यासाची परावर्तक दुर्बीण होती. परदेशी पाहुण्यांच्या शेजारीं स्वतःचा तळ टाकून जेऊरास त्यांनीं वर्णपटाचे वेध घेतले आणि त्यांचा अहवाल १९०२ सालीं प्रसिद्ध केला. ते निवृत्त झाले तेव्हां, १९१२ सालीं, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यानें ती जाऊं दिली. इकडे निजामाच्या राज्यांत नबाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं हैदराबादेस वेधशाळा स्थापली. म्हणजे बीडवरून छाया गेली तेव्हां राज्यांत दुर्बीण नव्हती. दुर्बीण आली तेव्हां छाया तीन वर्षांपूर्वीं निघून गेली होती.

येथें विजयदुर्गाविषयीं थोडें बोलणें प्राप्त आहे. त्या किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून चौथरे दाखवितात, आणि १८६८ सालीं लॉकियरनीं येथूनच हेलियम शोधला असें सांगतात. अलीकडे १८ ऑगस्टला तेथें उत्सवही होतो. मुलें जमतात, व्याख्यानें होतात. त्याचा मला आनंद आहे. परंतु इतिहास निराळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणांत फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूरास होता आणि हर्शेल घराण्यांतील एक लष्करी अधिकारी जमखंडीस होता. लॉकियर विलायतेंत होते. सूर्यावरच्या ज्वालांचा वर्णपट ग्रहणावांचून पाहण्याची युक्ति जान्सेननें दुसऱ्याच दिवशीं साधली, लॉकियरनीं २० ऑक्टोबरला घरींच साधली, आणि दोघांचीं पत्रें पॅरिसच्या विद्वत्सभेंत एकाच दिवशीं वाचलीं गेलीं. ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम हें नांव निघालें ती रेषा अशी गांठली गेली. पृथ्वीवर तो वायु रॅम्सेला सांपडला १८९५ सालीं. विजयदुर्गावरचे चौथरे १८९८ चे. खोट्या सालाची त्यांना मुळींच गरज नाहीं. बीडच्या लोकांनाही असाच एक मोह आहे. भास्कराचार्यांनीं आपलें गांव विज्जडविड म्हणून सांगितलें. तें बीडच, असें म्हणणारे आहेत, बेदर म्हणणारे आहेत, विजापूर म्हणणारेही आहेत. चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखावरून मात्र त्यांच्या घराण्याचा संबंध खानदेशाशीं अधिक जुळतो. तेथें त्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ काढला, आणि त्या मठाला बाजारांतील मालावरचें उत्पन्न नेमून दिलें गेलें. त्या देणगीचा मजकूर जुन्या मराठींत दगडावर आहे. ज्योतिषाचा खर्च पेठेनें उचलावा, ही व्यवस्था सातशें नव्वद वर्षांपूर्वीं नव्हे, आठशें वर्षांहूनही पूर्वीं आपल्याकडे होती.

पुढचा काळ थोडक्यांत सांगतों. १९४४ च्या ऑगस्टांत पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, आणि हौशी लोकांनीं एकत्र जमून आकाश पाहण्याचा परिपाठ सुरू झाला. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास छाया कर्नाटक व आंध्र यांवरून गेली. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास होतें. त्या दुपारीं मुंबईसारख्या शहरांत रस्ते ओस पडले, आणि लोकांनीं घरांतच बसावें म्हणून दूरदर्शनानें चित्रपट दाखविला. सूर्य अंगणांत खेळ मांडून बसला असतां घरांत कृत्रिम चित्र पाहणें, हा कलेचा व शास्त्राचा मोठा विपरीत संयोग म्हणावा लागेल. १५ वर्षांनीं, २४ ऑक्टोबर १९९५ ला, तींच शहरें काळे चष्मे लावून गच्च्यांवर चढलीं. माणसें तींच होतीं. मधल्या काळांत कोणी तरी शाळाशाळांतून हिंडून त्यांना समजावून सांगितलें होतें.

सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या उतरत्या दुपारीं, सूर्याला पुन्हां ग्रहण लागणार आहे. खग्रास छाया दूर, मिसर, अरबस्तान व सोमालियाकडून जाईल. मराठवाड्यांत तें खंडग्रास आहे. पावसाळ्याचे दिवस, ढग असतील. आणि उघडीप मिळाली तरी नुसत्या डोळ्यांनीं सूर्याकडे मुळींच पाहावयाचें नाहीं. परंतु ढग थोडे जरी हटले तरी घाटनांदूरच्या एखाद्या लिंबाखालीं, पानांच्या फटींतून पडणारा प्रत्येक कवडसा नेहमींसारखा वाटोळा न राहतां कोरीच्या आकाराचा होईल. तेथें एक पांढरा कागद अंथरावा, आणि पोरांच्या हातांत पेन्सिली द्याव्या. दर दहा मिनिटांनीं त्या कोरी गिरवून शेजारीं वेळ लिहीत जावें.