छातीवरचं नाव

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर थ्री पॉइंटची रेषा ६.२५ मीटरवर होती. कोर्ट जुनं, सिमेंटचं. रंग द्यायची वेळ आली की पेंटर जुन्याच पुसट रेषेवरून ब्रश फिरवायचा. ‘फिबा’ या जागतिक संघटनेनं ती रेषा २०१० मध्येच ६.७५ मीटरवर नेली होती. आम्हाला हे माहीत होतं, पण हाताला सवय जुन्या रेषेची लागली होती.

पुढे विद्यापीठाच्या संघात निवड झाली. मनमाडला गाडी बदलून आम्ही गुजरातेत पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो. पहिल्या सामन्यात मी रेषेबाहेरून चेंडू मारला, तो रिंगलाही न लागता खाली पडला. दुसराही तसाच गेला. तिसरा मी मारलाच नाही. नॉकआऊट स्पर्धा असल्यामुळे त्याच रात्री आमचं परतीचं सामान बांधून झालं होतं.

गाडीत आमच्यासोबत एक ज्येष्ठ सर होते, सत्तरच्या दशकाच्या शेवटी याच विद्यापीठाकडून खेळलेले. माझा चेहरा बघून म्हणाले, “अरे बाबा, आमच्या वेळी ती रेषाच नव्हती. कुठूनही मारा, दोनच पॉइंट.” ते खरंच होतं. फिबानं थ्री पॉइंट आणला तोच मुळी १९८४ मध्ये. मग सर त्यांच्या संघाबद्दल बोलायला लागले. सेंटर मेडिकलचा होता, सहा फुटांच्या वर. दोन्ही गार्ड नांदेडचे. एक लातूरचा, एक परभणीचा. मी सहज विचारलं, “सर, मग आता ती पोरं आपल्या संघात का नसतात?” सर म्हणाले, “कशी असतील? ती आता आपली नाहीत.”

हे ‘आपली नाहीत’ माझ्या डोक्यात राहिलं. आज माझं ऑफिस हिंजवडीत आणि लॅपटॉप सिडकोतल्या घरात. मीटिंगांच्या मधल्या वेळेत मी त्या उत्तराचा माग काढत गेलो. मला हवा होता एका बास्केटबॉल संघाचा इतिहास. हाती आला तो विद्यापीठाच्या नकाशाचा इतिहास. पण संघाचं काय झालं, हे त्या नकाशातूनच कळतं.

उस्मानियाची पोरं

१९५८ च्या आधी मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि संस्थानाचं विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया. औरंगाबादेत १९२३ मध्ये त्याचं इंटरमिजिएट कॉलेज निघालं. आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. १९५६ मध्ये मेडिकल कॉलेज आलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. राज्य बदललं, तरी विद्यापीठ अजून मागेच, हैदराबादला होतं.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आले. जालना, लातूर आणि हिंगोली हे जिल्हे तेव्हा झालेच नव्हते. १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. कला, विज्ञान, वैद्यक, शेती, इंजिनिअरिंग, सगळं एका छत्राखाली. मराठवाड्यात कुठेही शिकणारा उंच, चपळ मुलगा आता एकाच संघासाठी निवडीला येऊ शकत होता.

अमेरिकेतला संघ आणि आपला संघ

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. विद्यापीठाचा संघ म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकन चित्र येतं. एकच कॅम्पस, वीस हजारांचं स्टेडियम, वर्षभर पगारी प्रशिक्षक. बास्केटबॉल जन्मला तोही तिकडेच. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला हिवाळ्यात बंद हॉलमध्ये पोरांना गुंतवून ठेवायचं होतं. त्यानं पीचच्या दोन टोपल्या बाल्कनीला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपलीला बूड होतं, त्यामुळे गोल झाला की चेंडू वर चढून काढायला लागायचा. टोपलीची उंची दहा फूट होती, आजही तेवढीच आहे.

हाच नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथल्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. ३ फेब्रुवारी १८९९ ला त्यांचा पहिला सामना झाला, कॅन्सस सिटीच्या वायएमसीएकडून ते १६-५ असे हरले. नेस्मिथच्या काळात संघानं ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. खेळ शोधणारा माणूस त्या विद्यापीठाचा तोट्यात राहिलेला एकमेव प्रशिक्षक आहे. हे मला कसं माहीत? कारण त्यांनी हरलेला सामनाही लिहून ठेवला. नेस्मिथच्या तेरा नियमांचे मूळ टंकलिखित कागद २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. ते आता कॅन्ससच्याच कॅम्पसवर काचेआड आहेत.

आपलं गणित वेगळं. आपलं विद्यापीठ म्हणजे शेकडो संलग्न कॉलेजांची मोट. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून निवड चाचणी, मग काही दिवसांचं शिबिर आणि लगेच विभागीय स्पर्धा. बाराजणांचा संघ. वयाची कमाल मर्यादा २५. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. बाकीच्यांची टीम रेल्वे स्टेशनवर विसर्जित होते. ज्यांच्यासोबत शिबिरात एका ताटात जेवलो, त्यांच्यातले निम्मे पुन्हा दिसतात ते थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर. सोबत उरतो तो ‘कलर होल्डर’ हा शब्द, एखादं प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. अशा संघाची ताकद एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे निवड चाचणीला येणारी पोरं किती मोठ्या भागातून येतात.

कात्री

आता नकाशाकडे या. तो पाच वेळा कापला गेला.

१९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झालं. शेती शिकणारी मुलं तिकडे गेली.

१७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, परभणी आणि लातूर तिकडे गेले, पुढे परभणीतून निघालेला हिंगोलीही त्याच बाजूला राहिला. औरंगाबादकडे औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद उरले. सरांचे दोन्ही गार्ड आणि लातूरवाला एका तारखेत परके झाले.

१९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याकडे गेली. सरांचा सेंटरही गेला.

२०१७-१८ पासून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी राज्यातली अनेक इंजिनिअरिंग कॉलेजं जोडली गेली, त्यात मराठवाड्यातलीही होती. २०१९ मध्ये शहरातच एमजीएम विद्यापीठ झालं. १९८२ पासूनचं जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या संस्थेचं, तिचं स्वतःचं विद्यापीठ झालं.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला हे कोडच्या रिपॉझिटरीसारखं दिसतं. मूळ एक होतं, त्याचे फोर्क होत गेले. फरक इतकाच की कोड फोर्क केला तर मूळ कोड शाबूत राहतो. इथे फोर्क झाला की मुळातले खेळाडूच कमी होतात.

चौथी कात्री मी स्वतः बघितली. मी तिसऱ्या वर्षाला असताना पहिल्या वर्षाला जालन्याचा एक पोरगा आला. पॉइंट गार्ड, डावखुरा, पास असा द्यायचा की आपण मोकळे आहोत हे आपल्याआधी त्याला कळायचं. रोज संध्याकाळी आम्ही एकाच कोर्टवर, एकाच चेंडूनं खेळायचो. निवड चाचणीच्या दिवशी मी त्याला म्हणालो, “चल, गाडी काढ.” तो म्हणाला, “दादा, मला नाही येता येणार. माझं विद्यापीठ वेगळं आहे.” त्याचा वर्ग आमच्याच इमारतीत एक मजला खाली. त्याचं विद्यापीठ तीनशेच्या वर किलोमीटर लांब, रायगड जिल्ह्यात.

तरी याची दुसरी बाजूही खरी आहे. पाच जिल्ह्यांत मिळून फक्त बारा जागा होत्या, तेव्हा नांदेडच्या किती पोरांनी औरंगाबादपर्यंतच्या प्रवासाचा खर्च बघूनच चाचणीचा नाद सोडला असेल? आज नांदेडचा मुलगा नांदेडलाच चाचणी देतो. विद्यापीठं वाढली तशा जागाही वाढल्या. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, तिथे खेळाच्या प्रमाणपत्राची किंमत काय असते हे बीड-जालन्याच्या घरात विचारा. एक बलाढ्य संघ बरा की चार साधारण संघ बरे, याचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. त्या डावखुऱ्या पोराची आठवण आली की मात्र माझा कल एका बाजूला जातो.

नाव

या सगळ्यात एक बदल असा होता ज्यात संघ कापला गेला नाही, पण जर्सीवरच्या अक्षरांचा अर्थ बदलला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

सर खेळत होते तो काळ नेमका हाच. गाडीत मी त्यांना त्याबद्दल विचारलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, “कोर्टवर पास देताना आडनाव कोणी विचारत नव्हतं. कोर्टच्या बाहेर आलो की सगळे विचारायचे.”

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर माणसांचा महासागर लोटतो. लोक लेकरांना घेऊन येतात, कमानीपुढे वाकतात. ते बघितलं की कळतं, छातीवर छापलेलं ते लांबलचक नाव म्हणजे नुसता पत्ता नाही. आम्ही जर्सी हातात घेतली तेव्हा आमच्यातल्या एकानं ती अंगात घालण्याआधी कपाळाला लावली होती. त्याचे आजोबा नामांतरासाठी तुरुंगात गेले होते.

नागपाड्याचा धडा

महाराष्ट्रात बास्केटबॉलचं खरं गाव कुठलं, असं विचारलं तर उत्तर कुठल्याही विद्यापीठाचं येत नाही. उत्तर येतं मुंबईचा नागपाडा. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे नेबरहूड हाऊस उभं केलं. पुढे टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेचे पहिले संचालकही तेच झाले. त्या दाट, गरीब वस्तीत हा खेळ रुजला. तिथूनच अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. १९७५ च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये भारताचा बास्केटबॉल संघ आजवर एकदाच खेळला, १९८० मध्ये मॉस्कोला.

नागपाड्यात मैदान जागेवर राहिलं आणि पोरंही गल्लीतलीच राहिली. मोठ्यानं लहानाला शिकवलं, लहान मोठा झाला आणि त्यानं पुढच्याला शिकवलं. विद्यापीठाच्या संघाला ही सोय नसते. तीन-चार वर्षांत पोरगं बाहेर पडतं आणि शासनाच्या एका अधिसूचनेनं कॉलेजच दुसरीकडे जातं. मग जुन्या संघाची आठवण ठेवायची कोणी? नांदेडनं की संभाजीनगरनं? नाशिकनं की लोणेऱ्यानं?

सरांनी मागच्या दिवाळीत मला घरी बोलावून त्यांच्या संघाचा फोटो दाखवला. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. बाराजण, मागे दगडी भिंत. सरांनी बोट ठेवत नावं सांगायला सुरुवात केली. नवव्या माणसाशी ते थांबले. “हा बीडचा… काय बरं नाव याचं…” फोटो उलटा केला, मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही मग तिथेच बसून फोन लावले. चौथ्या फोनवर नांदेडच्या त्या गार्डनं नवव्याचं नाव सांगितलं, आणि तो सहा वर्षांपूर्वी गेल्याचंही. सरांनी पेन मागितलं. फोटोच्या मागे बाराही नावं लिहिली, प्रत्येकापुढे गाव, आणि खाली वर्ष.

घरी आल्यावर मी आमचा फोटो काढला, गुजरातेतला, हरल्यानंतरचा. तो फोनमध्येच होता. प्रिंट करून आणला आणि मागे नावं लिहिली. जर्सीवरचं विद्यापीठाचं पूर्ण नावही लिहिलं. स्कोअर लिहिताना जरा हात अडखळला, पण तोही लिहिला. नेस्मिथनं १६-५ लपवलं नव्हतं.

तुमच्याकडेही असा एखादा फोटो असेल, बाबांच्या कपाटात किंवा स्वतःच्या गॅलरीत. आज रात्री तो काढा, आणि ज्यांची नावं आठवत नाहीत त्यांच्यासाठी एक फोन लावा.